आईवर गेलेली

लहानपणापासून एक वाक्य ऐकत आलेय. "अगं बाई, ही तर अगदी आईवर गेलीय!" लग्नात, मुंजीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या तेराव्याला. रुंद कपाळ, उजव्या गालावरची खळी, बोलता बोलता पदराचं टोक बोटाला गुंडाळायची सवय (मी ओढणीचं गुंडाळते), सगळं तिचंच. आई आमच्या चाळीत देखणी समजली जायची, त्यामुळे हे कौतुक होतं आणि मी ते मिरवायचे. २०१८ नंतर कुणी असं म्हटलं की पोटात गोळा यायला लागला.

त्या वर्षी आई ठाकूरद्वारला फुलं आणायला म्हणून खाली उतरली आणि दोन तासांनी चर्नी रोड स्टेशनच्या पुलावर सापडली. हातात पुडी नाही, पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला. गिरगावात तेव्हा मेट्रोचं काम चाललं होतं. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर डोक्याच्या वर उंच पत्रे लागलेले, ओळखीची दुकानं त्यांच्याआड गडप, चालायची वाट आज इकडून तर उद्या तिकडून. चाळीतले धडधाकट लोकही चुकायचे. त्यामुळे आम्ही चांगलं वर्षभर मेट्रोला शिव्या घालण्यात घालवलं. "पत्रे निघाले की तिला रस्ता सापडेल," असं दादा फोनवर म्हणायचा आणि मीही म्हणायचे. पत्रे निघाले तेव्हा आई नव्हती.

ती पालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. स्वतः शिकलेली कोकणातल्या शाळेत, जिथे पाढे म्हणजे नुसते बे आणि त्रिक नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि सगळ्यांत दुष्ट अशी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. तिला अल्झायमर होता. शेवटच्या वर्षात मी कोण हे तिला सांगता येत नव्हतं. कधी मावशी म्हणायची, कधी "शाळेतल्या बाई". पण संध्याकाळी खिडकीशी बसवलं आणि "सात औटे?" असं विचारलं की क्षणाचाही विलंब न लावता "साडेचोवीस". वर माझ्याकडे अशी बघायची, की एवढंही येत नाही का तुला. मला येत नव्हतंच. मी कॅल्क्युलेटरवर ताडून बघायचे.

मावशी एकदा सहज बोलून गेली, "आमच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं गं. तेव्हा म्हातारचळ म्हणायचे. ओटीवर बसवून ठेवायचे आणि विहिरीकडे जाऊ द्यायचे नाहीत." आजीला अल्झायमरच होता की आणखी काही, हे कळायचा आता काही मार्ग नाही. पण माझं त्रैराशिक त्या क्षणी मांडून झालं. आजीवरून आई, तर आईवरून मी. खाण तशी माती. उत्तर काढायला पाटीसुद्धा लागली नाही.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी न्यूजर्सीहून दादाचा फोन आला. तिकडे थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये त्याने थुंकीवरून जनुकं तपासायचा एक किट घेतला होता. हेतू काय, तर आपले पूर्वज कुठून आले ते बघू. उत्तर आलं, दक्षिण आशियातून. वहिनी म्हणाली, "हे तर मी फुकटात सांगितलं असतं." पण त्याच खात्यावर आरोग्याचाही एक विभाग असतो. त्यातला अल्झायमरचा अहवाल थेट उघडत नाही. तुम्हाला हे खरंच जाणून घ्यायचंय का, असं तो आधी विचारतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली असे अहवाल ग्राहकांना परस्पर द्यायला पहिल्यांदा परवानगी दिली. दादाने रात्री एक वाजता एकट्याने "हो" दाबलं आणि माझ्या सकाळच्या चहाच्या वेळी फोन केला.

"माझ्यात एक आहे," तो म्हणाला. "ई-४. एक प्रत."

मग मी वाचायला बसले, कारण घाबरले की मी वाचते. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एपीओई नावाचं एक जनुक असतं. रक्तात आणि मेंदूत चरबीची ने-आण करणारं प्रथिन त्यावरून तयार होतं. त्याचे मुख्य प्रकार तीन, ई-२, ई-३ आणि ई-४. प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. बहुतेक लोक ई-३, ई-३. यातल्या ई-४चा उतारवयातल्या अल्झायमरशी संबंध अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवला. एक प्रत असेल तर धोका साधारण दुप्पट-तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. तरीही हा निकाल नव्हे. ई-४ असून नव्वदीपर्यंत शब्दकोडी सोडवणारे लोक असतात आणि ई-४ नसतानाही अल्झायमर झालेले पुष्कळ. तरुणपणी येणारा आणि घराण्यात जवळजवळ हमखास उतरणारा प्रकार वेगळ्या जनुकांचा, आणि तो शंभरातल्या एखाद्याही रुग्णात सापडत नाही.

पट म्हणजे कशाच्या पट, हा गणिताच्या बाईंच्या मुलीला पडायला हवा होता तो प्रश्न मला पडायला दोन दिवस लागले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात वयाच्या ८५ वर्षांपर्यंतचा हिशेब आहे. जनुक विचारातच घेतलं नाही तर बायकांना धोका साधारण १४ टक्के, पुरुषांना ११. एक ई-४ असलेल्या बायकांना ३०, पुरुषांना २३. म्हणजे दादासारख्या शंभर पुरुषांपैकी सत्तरहून अधिक जणांना पंच्याऐंशीपर्यंत तो होत नाही. मी हे त्याला फोनवर मोठ्या उत्साहाने समजावलं. तो म्हणाला, "माहितीय मला. आणि तसंही मी बाबांवर गेलोय."

त्या वाक्याला मी तेव्हा हसले नाही. पटलंच मला ते.

या सगळ्या वाचनात एक अभ्यास असा भेटला, की तो आमच्याच घरावर बेतलाय असं वाटावं. अमेरिकेत २००० सालाच्या सुमाराला 'रिव्हील' नावाची संशोधनमालिका सुरू झाली. आई किंवा वडिलांना अल्झायमर झालेला आहे अशा धडधाकट लोकांना त्यांचं एपीओई सांगायचं आणि मग ते कोसळतात का ते बघायचं. कोसळले नाहीत. २००९ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत १६२ लोक होते. काहींना निकाल सांगितला, काहींना नाही. वर्षभरात दोन्ही गटांच्या चिंतेत किंवा नैराश्यात लक्षणीय फरक पडला नाही. ई-४ नाही असं कळलेल्यांचा ताण तर कमी झाला. डॉक्टरांना वाटत होती तेवढी माणसं हळवी नसतात, हे वाचून मला बरं वाटलं. एक गोष्ट मात्र ती करत. ई-४ निघालेल्या लोकांचं म्हातारपणीच्या देखभालीच्या विम्यात फेरफार करण्याचं प्रमाण निकाल न सांगितलेल्यांच्या पाचपटीहून जास्त होतं. दादानेही पहिलं तेच केलं. तिकडचा जनुकीय भेदभावाविरुद्धचा २००८चा कायदा या विम्याला लागू नाही हे त्याला एजंटकडून कळलं. आपल्याकडे तशा विम्याची पद्धतच नाही. आपली देखभाल म्हणजे सून, मुलगी, नाहीतर ब्यूरोतून आलेली बाई.

पण मला अडकवलं ते त्याच मालिकेतल्या २०१०च्या एका निबंधाने. लोकांना त्यांच्या धोक्याचा नेमका आकडा सांगितला होता. सहा आठवड्यांनी विचारलं, आठवतोय का? ज्यांना अचूक आठवत होता अशा १५८ जणांना पुढचा प्रश्न, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? जवळपास निम्म्यांनी वेगळाच आकडा सांगितला. विसरले म्हणून नव्हे. आकडा पाठ होता, पण तो स्वतःचा वाटत नव्हता. त्यातल्या बहुतेकांना आपला धोका सांगितल्यापेक्षा जास्तच वाटत होता, आणि ज्यांना चाचणीआधीच जास्त वाटत होतं त्यांचं असं होण्याची शक्यता अधिक. आपल्याकडे पत्रिका बघणाऱ्याचं असंच असतं. गुरुजींनी काहीही सांगितलं तरी मंगळ आहे असं ठरवून आलेली आई मंगळ घेऊनच घरी जाते.

दरम्यान माझं विसरणं जोरात सुरू झालं होतं. पन्नाशी उलटलेल्या, नोकरी करणाऱ्या, रात्री दोनला गरम होऊन उठणाऱ्या बाईला जेवढं विसरायला होतं तेवढंच असेल, पण मी त्याची वही घातली. दूध उतू गेलं, वहीत. ओटीपी वाचून टाइप करेपर्यंत चौथा आकडा विसरले, वहीत. दादर स्टेशनच्या पुलावर मधोमध उभी राहिले आणि मध्य रेल्वेच्या बाजूला उतरायचं की पश्चिम रेल्वेच्या, हे सुचेना. लोक दोन्ही अंगांनी धक्के मारत चाललेत, आणि माझ्या डोळ्यांपुढे चर्नी रोडचा पूल. तेवढ्यात "बाई, हला की!" असं कुणीतरी ओरडलं आणि पाय आपोआप बरोबर जिन्याकडे वळले. ते मात्र मी वहीत लिहिलं नाही. बरोबर झालेल्या गोष्टी लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता.

२०१४चा आणखी एक अभ्यास आहे. ५२ ते ८९ वयाचे, स्मृती शाबूत असलेले १४४ लोक. काहींना आपलं एपीओई ठाऊक, काहींना नाही. ई-४ असलेल्यांपैकी ज्यांना ते ठाऊक होतं त्यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीला कमी गुण दिले, इथवर ठीक. पण ऐकलेली गोष्ट आठवून सांगायच्या चाचणीतही ते मागे पडले. तोच ई-४ असलेले पण ते ठाऊक नसलेले लोक बरे ठरले. मी तर चाचणीसुद्धा केली नव्हती. मला नुसता चेहरा ठाऊक होता.

डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, १९६२चे नोबेल मिळालेले जेम्स वॉटसन. २००७ मध्ये त्यांचा संपूर्ण जीनोम जगासमोर मांडला गेला, तेव्हा त्यांनी एकच जागा झाकून ठेवायला सांगितली, एपीओईची. त्यांच्या आजीला अल्झायमर होता. पुढे लक्षात आलं, की शेजारच्या खुणांवरून झाकलेलं ओळखता येतं. मग शेजारही झाकावा लागला. नाव, फोटो, पत्ता सगळं दाखवायचं आणि तेवढ्या भागावर फडकं! मला हा माणूस एरवी फारसा आवडत नाही, पण ते फडकं मला समजतं.

लेक म्हणाली, "एक तर तपास, नाहीतर ती वही फेक." मी परळला एका जनुकीय समुपदेशकाकडे गेले. मुलगी माझ्या लेकीएवढीच असेल. तिने कौटुंबिक इतिहासाचा तक्ता काढला. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आजारी असतील ते रंगवलेले, गेलेल्यांवर तिरकी रेघ. आईचा गोल रंगवताना ती जरा थांबली, तेवढं मला आवडलं. मग म्हणाली, "काकू, चाचणीचं नंतर बघू. आधी तुम्हाला काय वाटतं ते सांगा. शंभरातून किती?"

"ऐंशी."

तिने मुकाट्याने लिहून घेतलं. "आणि तुमच्या भावाला?"

"वीस."

"त्यांच्यात ई-४ आहे ना?"

"हो. पण तो बाबांवर गेलाय."

तिने पेन खाली ठेवलं. मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

"बाबा किती वर्षांचे असताना गेले?"

"अठ्ठावन्न. हार्ट अटॅक." ऑफिसमधून डबा न संपवता परत आला होता. पोळीची घडी तशीच.

"मग तो ई-४ बाबांचाही असू शकतो की, काकू. त्यांना म्हातारं व्हायला मिळालंच नाही. आईंची चाचणी झाली नव्हती. त्यांच्यात ई-४ होता असं आपण धरून चाललोय, एवढंच."

हे मला तीन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. बाबांवर गेला म्हणून दादा सुटला, असं आम्ही दोघंही मानत होतो. आणि कदाचित बाबांवर गेला म्हणूनच त्याच्याकडे ते आलं असेल. कपाळ आणि खळी ज्या वाटेने येतात त्या वाटेने हे येतंच असं नाही. एका चेहऱ्यामागे वीसेक हजार जनुकांचा पिसलेला पत्त्यांचा कॅट असतो, आणि आम्ही वरचं एकच पान बघून डाव सांगत होतो.

तिने आणखी एक प्रामाणिकपणे सांगितलं. धोक्याचे हे आकडे बहुतेक गोऱ्या लोकांच्या अभ्यासांवर उभे आहेत. हरियाणातल्या बल्लभगढजवळच्या खेड्यांत आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका खोऱ्यात एकाच पद्धतीने तुलना झाली होती. तिथे ई-४चं प्रमाण ११ टक्के, बल्लभगढला ७. ई-४ असला तर धोका वाढतो हे दोन्हीकडे सारखं. पण आकडा जसाच्या तसा गिरगावात आणून चिकटवायचा नाही. भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज. त्यातल्या किती घरांत आजही म्हातारचळच म्हणत असतील! शिवाय २०२४च्या लॅन्सेट आयोगाने चौदा गोष्टी मोजल्यात, ज्या आटोक्यात आणल्या तर जगातला ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल. कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, एकटेपण, हवेतलं प्रदूषण. मुंबईत राहून हवा आणि कान कसे सांभाळायचे हे मी तिला विचारलं. ती हसली. बाहेर कुणाची तरी वरात चालली होती.

रक्त दिलं. ठरलं असं होतं, की अहवाल तिच्याकडे येईल, ती समोर बसवून सांगेल. प्रयोगशाळेने तो परस्पर माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवून दिला, संध्याकाळी ७.१०च्या सुमाराला, गाडी माटुंग्याला थांबलेली असताना. चौथ्या सीटवर अर्धी टेकलेले, समोर एक बाई मेथी निवडत होती. मी पीडीएफ उघडली. ई-३, ई-३. शेजारी एक हिरवा ठिपका, कोथिंबिरीच्या वडीवर शाकाहारी म्हणून असतो तसा. दुसऱ्या दिवशी त्याच प्रयोगशाळेतून फोन, "मॅडम, ब्रेन वेलनेस पॅकेजवर या आठवड्यात चाळीस टक्के सूट आहे." मी म्हटलं, माझा ठिपका हिरवा आहे. तो म्हणाला, "मॅडम, प्रिव्हेन्शनसाठी."

दादाला सांगायला मी चार दिवस लावले. एकाच ताटातला मोठा लाडू आपल्याला आला की लहानपणी वाटायचं तसं काहीतरी वाटत होतं. तो म्हणाला, "बरं झालं. एक तरी सुटली." आणि लगेच क्रिकेटवर गेला.

सुटका मात्र आली नाही. मी वाट पाहिली. शास्त्राप्रमाणे ती यायला हवी होती. काउन्सेलरने सांगितलं होतं, आईला होता म्हणून सर्वसाधारण बाईपेक्षा किंचित जास्त धरा, फार तर पंधरा. मला पाठ आहे. त्याच महिन्यात मावशीकडे गेले. तिच्या शेजारीण आजी दारातच म्हणाल्या, "अगदी ताई उभी राहिल्यासारखी वाटली हो!" आणि प्रयोगशाळेचे साडेआठ हजार रुपये तिथल्या तिथे पाण्यात गेले.

सहा आठवड्यांनी परळहून फोन आला. "काकू, आता शंभरातून किती?"

"चाळीस."

"ऐंशीवरून चाळीस, चांगलंय की. मी सांगितलेला आकडा आठवतोय?"

"पंधरा."

"मग?"

"मग काय, चाळीस."

ती खळखळून हसली. तिने त्या निबंधाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

वही फेकली नाहीये अजून, पण तिच्यात महिन्या-दोन महिन्यांनीच काहीतरी पडतं. फक्त परवा रात्री झोप येईना तेव्हा एक वेडेपणा केला. म्हटलं, आईची औटकी म्हणून बघू. एक औट साडेतीन, दोन औटे सात, असं करत दहा औटे पस्तीसपर्यंत गेले आणि अकरावर अडकले. काही केल्या येईना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा अकराला गाडी बंद. तळव्यांना घाम. साधी बेरीज करायची हेसुद्धा सुचेना. तिकडे दुपार होती. दादाला फोन लावला आणि रडकुंडीला येऊन सांगितलं, "मला औटकी आठवत नाहीये."

"तुला कधी येत होती?" तो म्हणाला. "चौथीत ह्याच अकरावर आईची पट्टी खाल्लीयेस तू. दोनदा. मी ओट्याखाली लपून बघत होतो."

मागे त्याच्या मायक्रोवेव्हची शिटी वाजली.

"साडेअडतीस," तो म्हणाला. "झोप आता."